साथीच्या सावटाखाली जुने आजार

साथ पसरली की दररोज जी आकडेवारी प्रसिद्ध होते, ती त्या साथीच्या रुग्णांची असते. त्याच दिवसांत ज्याच्या रक्तदाबाची तपासणी झाली नाही, ज्याची क्षयाची औषधे मध्येच संपली, त्याची नोंद कोणत्याही फलकावर होत नाही. कोविड-१९ च्या काळात अशा रुग्णांचे हाल जगभर झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ही महासाथ असल्याचे घोषित केले आणि मे महिन्यात १५५ देशांची पाहणी केली. त्यांपैकी ५३ टक्के देशांत रक्तदाबावरील उपचार अंशतः वा पूर्णतः विस्कळीत झाले होते. मधुमेहाबाबत हे प्रमाण ४९ टक्के, तर कर्करोगाबाबत ४२ टक्के होते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी दीर्घकालीन आजारांचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. हिवताप किंवा अतिसार रुग्णाला स्वस्थ बसू देत नाही. तो स्वतःच दवाखाना गाठतो. उच्च रक्तदाब मात्र बहुधा दुखत नाही, खुपत नाही. गोळ्या थांबविल्या तरी आठ-पंधरा दिवस काहीच झाले नाही असे वाटते. आमच्या एका वयोवृद्ध आप्तांनी टाळेबंदीत गोळ्या पुरवून पुरवून खाव्यात म्हणून त्या एक दिवसाआड घेण्यास सुरुवात केली आणि प्रकृती उत्तम असल्याचे ते सर्वांना आवर्जून सांगत. दोन महिन्यांनी रक्तदाब मोजला, तेव्हा त्यांच्या काटकसरीचा हिशेब कळला. मधुमेहाचेही तेच. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांना जी इजा करते, ती सावकाश होते. म्हणूनच नेमाने तपासणी करावयाची असते.

हा नेम अनेक दुव्यांवर अवलंबून असतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हे दुवे एकाच वेळी तुटले. एस.टी. बंद, मुंबईच्या उपनगरी गाड्या बंद. (अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी त्या १५ जूनपासून धावू लागल्या, रुग्णांची गणना त्यांत नव्हती.) रुग्णालयांतील खाटा, परिचारिका आणि प्रयोगशाळा साथीच्या कामी लागल्या. शिवाय, दवाखान्यात गेलो तर तेथूनच रोग घेऊन येऊ, ही भीती होती आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. आठवड्यातून दोन-तीन वेळा रक्तशुद्धीकरण, म्हणजे डायलिसिस, करावे लागणाऱ्या रुग्णाला तर घरी थांबण्याची सोयच नसते. एक फेरी चुकली तरी अंगात पाणी साठते, धाप लागते.

एक उदाहरण अगदी वेगळे आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध संधिवात आणि ल्यूपस यांचे रुग्ण वर्षानुवर्षे घेत आले आहेत. मार्च २०२० मध्ये ते कोविडवर उपयुक्त ठरेल अशी आशा निर्माण झाली आणि ज्यांना त्याची काही गरज नव्हती त्यांनीही त्याची खरेदी केली. परिणामी, ज्यांचे हातपाय त्या गोळीवर चालत होते, त्यांना ती दुकानात मिळेना. पुढे कोविडवर त्या औषधाचा उपयोग नसल्याचे चाचण्यांतून सिद्ध झाले.

सर्वांत मोठा फटका मात्र क्षयरोगाच्या कार्यक्रमाला बसला. साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो आणि त्यात खंड पडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात. क्षयाचे आणि कोविडचे पहिले लक्षण एकच, खोकला. खोकणाऱ्या माणसाकडे शेजारी संशयाने पाहू लागले, तेव्हा अनेकांनी खोकला लपविणे पसंत केले. दुसरीकडे गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट यंत्रे तसेच सीबीनॅट यंत्रे, जी क्षयाच्या निदानासाठी बसविली होती, ती कोविडच्या चाचण्यांसाठीही वापरण्यात आली. त्या क्षणी ते आवश्यकच होते. पण त्याची किंमत क्षयरुग्णांनी मोजली. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये सुमारे १८ लाखांवर आली. म्हणजे क्षय कमी झाला नाही, तो सापडेनासा झाला. उपचाराविना राहिलेला एक रुग्ण वर्षभरात पाच ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या सहा लाखांचा अर्थ उलगडतो. त्याच वर्षी जगातील क्षयमृत्यू दशकभराहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. २०२२ मध्ये भारतातील नोंद पुन्हा २४ लाखांवर गेली.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राला म्युकरमायकोसिसचा अनुभव आला. 'काळी बुरशी' या नावाने तो घरोघरी माहीत झाला. अनियंत्रित मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली स्टिरॉइड औषधे हा संयोग त्याला पोषक ठरला. आटोक्यात नसलेला जुना आजार नव्या रोगाशी कसा हातमिळवणी करतो, याचे यापरते उदाहरण नाही. राज्य शासनाने या रोगावरील उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केला.

उपाय काहीच झाले नाहीत असे नव्हे. दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजीच निघाली आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनीची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना आशा कार्यकर्ती वा उपकेंद्रामार्फत तीन महिन्यांपर्यंतची औषधे द्यावीत, अशी सूचना केंद्राने केली. १५ सप्टेंबरपासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम झाली. तीत पथकांनी घरोघर जाऊन ताप व प्राणवायूची पातळी मोजली आणि घरात मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार कोणाला आहे हेही विचारले. या याद्या कोविडचा धोका ओळखण्यासाठी होत्या. तथापि साथ ओसरल्यावर त्याच याद्यांवरून नियमित उपचार सुटलेल्यांना शोधता येते, हा त्यांचा उपयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

रुग्णाच्या हाती असलेल्या गोष्टी थोड्या, पण त्या आहेत. औषधे संपण्याच्या आदल्या दिवशी दुकानात न जाता पंधरा दिवसांची जादा सोय ठेवावी. डॉक्टरांची चिठ्ठी जपावी आणि गोळीचे मूळ नाव व मात्रा घरातील आणखी एका व्यक्तीस माहीत असावी. 'सकाळची ती लहान पांढरी गोळी' एवढेच सांगता आले, तर दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला डॉक्टर काहीही करू शकत नाही.