टर्म पेपरमधून निघालेला कोड

१९५१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रा. रॉबर्ट फॅनो यांनी विद्यार्थ्यांना पर्याय दिला : अंतिम परीक्षा द्या किंवा टर्म पेपर लिहा. पेपरचा प्रश्न असा होता : अक्षरं ० आणि १ मध्ये कशी मांडली, तर संदेश कमीत कमी जागेत बसेल? खुद्द फॅनो आणि गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनाही सर्वोत्तम रीत सापडली नव्हती, हे मात्र त्यांनी वर्गाला सांगितलं नाही. माझ्या मते, हे न सांगणंच विद्यार्थ्यांच्या पथ्यावर पडलं.

त्या वर्गातले विद्यार्थी डेव्हिड हफमन यांनी प्रश्न उलट्या टोकाने धरला. सर्वांत कमी वेळा येणारी दोन अक्षरं एकत्र बांधायची, त्यांची बेरीज हे नवं अक्षर मानायचं आणि पुन्हा तेच करायचं. समजा, चार अक्षरं ४०, ३०, २० आणि १० टक्के वेळा येतात. प्रत्येकाला दोन बिट (म्हणजे दोन ०-१ अंक) दिले, तर शंभर अक्षरांना २०० बिट लागतात. हफमनच्या रीतीने त्यांना १, २, ३, ३ बिट मिळतात आणि काम १९० बिटांत भागतं. वापरातली तफावत वाढली की बचतही वाढते. १९५२ मध्ये हफमन यांचा हा निबंध प्रसिद्ध झाला. झिप फाइल आणि जेपेग छायाचित्रांत हीच रीत आजही वापरली जाते.

प्रश्न सुटलेला नाही हे माहीत नसण्याचा असाच फायदा त्याआधीही झाला होता. १९३९ मध्ये अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठात विद्यार्थी जॉर्ज डँट्झिग वर्गात उशिरा पोचले. फळ्यावरचे दोन प्रश्न त्यांनी गृहपाठ समजून सोडवले. प्रत्यक्षात ते संख्याशास्त्रातले तोवर न सुटलेले प्रश्न होते.