वाचलेलं पाणी जातं कुठे?

जगात सर्वाधिक भूजल भारत उपसतो, आणि जगाच्या एकूण उपशातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या आपल्या देशाचा आहे. हे वाचून झालं की उपाय म्हणून पहिलं नाव येतं ते ठिबकचं. सरकार त्यासाठी अनुदान देतं; २०१७ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचं करण्याचा निर्णयही घेतला. ठिबक चांगलंच आहे. पण त्याने पाणी वाचतं, या वाक्यात एक मोठी गफलत दडलेली आहे. शेतात वाचलेलं पाणी जमिनीखाली शिल्लक राहतंच असं नाही. किती उपसायचं याला गावाने किंवा कायद्याने हद्द घातलेली नसेल, तर ठिबकमुळे उपसा वाढूही शकतो.

मोकाट पद्धतीने दिलेलं पाणी आपण सरसकट ‘वाया गेलं’ म्हणतो, पण त्यातलं सगळं वाया जात नाही. समजा, विहिरीतून १०० भाग पाणी उपसलं. त्यातलं ६० पिकाने घेतलं, १५ उन्हाने उडालं आणि २५ मुरून पुन्हा खाली गेलं. म्हणजे जमिनीखालचा साठा ७५ भागांनी घटला. आता ठिबक बसवलं. तेवढ्याच पिकाला आता ६७ भाग पाणी पुरतं: पीक ६० घेतं, थोडं उडतं, जेमतेम ३ खाली जातं. पंपाच्या हिशेबाने ३३ भाग वाचले, पण साठ्याच्या हिशेबाने वाचले फक्त ११, कारण पूर्वी मुरणारं पाणी आता मुरतच नाही. आणि हे ११ तरी कधी? शेतकरी ६७ भागांवर थांबला तर. तो का थांबेल? विहिरीला पाणी आहे, पंप आहे, शेजारचं दीड एकर कोरडवाहू पडून आहे. त्याने पूर्वीइतकंच, १०० भाग उपसलं तर पीक ९० घेईल, ५ मुरेल, आणि साठा ९५ भागांनी घटेल. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक मातीत ते वेगळे निघतील. दिशा मात्र बदलत नाही. यात शेतकऱ्याचा लोभ शोधणं अन्यायाचं आहे. हाताशी आलेलं पाणी जिरायती तुकड्याला देणं हा त्याच्या जागी कोणीही करील असा शहाणपणाचा निर्णय आहे.

हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात घडलं. दक्षिण डाकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांच्या खाली ओगलाला नावाचा प्रचंड जलधर पसरलेला आहे, आणि कॅन्ससच्या पश्चिम भागाची शेती त्यावरच उभी आहे. तिथे पाऊस कमी, पुनर्भरण अतिशय मंद. पातळी घसरत चालली तेव्हा राज्याने १९९८ ते २००५ या काळात जवळपास ६० लाख डॉलर खर्चून शेतकऱ्यांना सुधारित सिंचनयंत्रं घ्यायला मदत केली. शेतात गोल फिरणाऱ्या लांब नळांचे फवारे उंचावरून खाली, पिकाजवळ आणले, म्हणजे वाऱ्या-उन्हात उडणारं पाणी वाचेल. लिसा फायफर आणि सिंथिया लिन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली या भागातल्या विहिरींच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला: यंत्रं बदलल्यावर उपसा वाढला. पाणी नेमकं देता येऊ लागलं तसे शेतकरी अधिक तहानलेल्या पिकांकडे वळले. तिथे विहिरींवर मीटर आहेत, म्हणून हे कळलं. आपल्याकडे बहुतेक विहिरींवर ते नाहीत, त्यामुळे ठिबकनंतर उपसा घटला की वाढला हे आपण अंदाजानेच बोलतो.

मग ठिबकला विरोध करायचा का? मुळीच नाही. ठिबकने उत्पादन वाढतं, वीज आणि मजुरी वाचते, खत मुळाशी पोचतं. शिरोळ-वाळवा पट्ट्यात अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, तिथे तर ते जमिनीला जीवदान आहे. जिथे झिरपलेलं पाणी खाऱ्या थरात किंवा समुद्राला मिळतं, तिथे वाचलेला प्रत्येक थेंब खरोखर वाचतो. आक्षेप साधनावर नाही, त्याच्याकडून केलेल्या अपेक्षेवर आहे. नळी किती पाणी कुठे द्यायचं ते ठरवते. एकूण किती उपसायचं हे माणसांनीच ठरवावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हद्द घातली की लहान शेतकरी मरेल. पण हद्द नसताना कोण मरतो ते पाहा. ज्याच्याकडे तीनशे फुटांऐवजी आठशे फूट बोअर घेण्याची ऐपत आहे तो टिकतो, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम नेमका उलटा होता. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, भूमिहीनांनाही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजारला पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून रब्बीची पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे.

ही गावं लहान, तिथलं नेतृत्व असामान्य, असं म्हणतात ते खरं आहे. म्हणून पुन्हा कॅन्ससकडे पाहावं. त्याच राज्याच्या वायव्येला शेरिडन भागात, सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर क्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी २०१३पासून स्वतःवर मर्यादा घालून घेतली: पाच वर्षांत मिळून ५५ इंच पाणी, कोणत्या वर्षी किती वापरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. उपसा वीस टक्क्यांहून अधिक घटला. मका थोडा कमी झाला, ज्वारी वाढली, खर्चही उतरला, त्यामुळे निव्वळ उत्पन्न कोसळलं नाही. मुदत संपल्यावर त्यांनी ती वाढवून घेतली. हे आपल्यासारखेच बाजारासाठी पिकवणारे, कर्ज काढणारे शेतकरी आहेत.

महाराष्ट्राकडे २००९चा भूजल कायदा आहे. अधिसूचित क्षेत्रात खोल विहिरींना मनाई, पाणलोटनिहाय समित्या, उपलब्ध भूजलानुसार पीक योजना, हे सारं त्यात आहे. अंमलबजावणी मीटरवाचून अडते, हे कारण मला पुरेसं वाटत नाही, कारण हिवरे बाजारचा ताळेबंद पर्जन्यमापक आणि पेरणीचं क्षेत्र एवढ्यावरच सुरू होतो. ठिबकच्या अनुदानासाठी शेतकऱ्याचं क्षेत्र आणि पीक नोंदवलं जातंच. त्याच नोंदीला त्या शिवाराचा ताळेबंद जोडावा, आणि भिजणारं क्षेत्र वाढणार नाही असं ग्रामसभेने ठरवलेल्या गावांना अनुदानात पहिला हक्क द्यावा.