पाइनचं जंगल आणि चालत्या टेकड्या

लिव्हरपूलहून साउथपोर्टकडे जाणारी लोकल पकडली की साधारण अर्ध्या तासात फ्रेशफिल्ड नावाचं छोटंसं स्टेशन येतं. उतरायचं आणि पश्चिमेकडे सरळ चालू लागायचं. आधी बंगल्यांचा रस्ता, मग पाइनचं जंगल, मग वाळूच्या टेकड्या आणि शेवटी आयरिश समुद्र. अंतर दोनेक किलोमीटर, चढ म्हणाल तर शेवटच्या टेकडीचा तेवढा. आजी-आजोबांनाही सहज जमेल. या जागेचं नाव फॉर्म्बी. माझ्या पीएचडीचा विषय 'वाळू कशी सरकते' हा असल्यामुळे मी इथे फिरायला आले तरी नजर पायाखालीच असते!

जंगल बघून वाटतं, हे अनादि काळापासून इथेच असणार. तसं अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जमीनदारांनी ही झाडं मुद्दाम लावली, उडणारी वाळू अडवायला. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बनं लावली, त्यामागेही वारा आणि वाळू अडवणं हाच विचार होता. (सुरू दिसतो पाइनसारखा, पण तो पाइन नाही बरं का. त्याच्या 'सुया' म्हणजे बारीक हिरव्या फांद्या असतात. खरी पानं त्यांच्या पेरांवर इवल्याशा खवल्यांसारखी असतात.)

आता, वाळू उडते म्हणजे नेमकं काय होतं? ती धुळीसारखी हवेत तरंगत नाही, उड्या मारते. कोरड्या बारीक वाळूवर वारा ताशी 20 किलोमीटरच्या आसपास पोचला की कण उचलले जातात, थोडं पुढे जाऊन आपटतात आणि आपटताना शेजारच्या कणांनाही उडवतात. कॅरमच्या सोंगट्या आठवा. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने सहाराच्या वाळवंटात भटकून आणि मग वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून याचं गणित मांडलं. त्याचं पुस्तक 1941 साली आलं, आम्ही अजून तेच उघडतो. त्याचा ढोबळ अर्थ असा: वाहून जाणारी वाळू वाऱ्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वारा दुप्पट झाला तर वाळू आठपट! म्हणून वर्षभराची झुळूक जे करत नाही, ते दोन-चार वादळं करून जातात.

या उड्या मारणाऱ्या वाळूला समुद्राजवळ अडवतं मॅरम नावाचं टोकदार गवत. त्याची गंमत अशी की वरून वाळू पडली की ते जोमानं वाढतं, आणि ताजी वाळू मिळणं थांबलं की मलूल होतं. म्हणजे टेकडी जिवंत राहायला ती थोडी अस्थिरच असावी लागते.

इथेच खरी अडचण आहे. फॉर्म्बीचा किनारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून झिजतोय. आता सरासरी वर्षाला चार मीटरच्या आसपास. मोकळी टेकडी अशा वेळी चक्क मागे सरकते. समुद्रानं पुढून खाल्लेली वाळू वारा तिच्या पाठीवरून पलीकडे टाकतो आणि टेकडी जमिनीकडे चालत राहते. पण मागे पाइनची भिंत उभी असेल तर ती जाणार कुठे? समोर समुद्र, मागे झाडं, मध्ये टेकड्यांचा पट्टा अरुंद होत जातो. शिवाय पाइन पाणीही बरंच पितात. त्यामुळे टेकड्यांमधल्या खोलगट भागातली उथळ डबकी लवकर आटतात, आणि नॅटरजॅक नावाचा दुर्मीळ भेक नेमका अशाच डबक्यांत अंडी घालतो.

मग तोडा की झाडं! इतकं सोपं नाही. याच पाइनवर इंग्लंडमधल्या मोजक्या उरलेल्या लाल खारींपैकी काही जगतात. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी त्यांना बहुतेक ठिकाणांहून हुसकलंय. 2008च्या सुमारास देवीसारख्या विषाणूच्या साथीत इथल्या बहुतांश लाल खारी मेल्या, त्यातून त्या हळूहळू सावरल्या. शेजारच्या एन्सडेलला टेकड्या मोकळ्या करण्यासाठी पाइन तोडले, तेव्हा गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला होता. मला विचाराल तर समुद्राकडचे पाइन हळूहळू जाऊ द्यावेत आणि आतल्या बाजूला नवे लावावेत. खारींना झाडं हवीत, ती याच ओळीत हवीत असं नाही. पण ज्यांचं बालपण या झाडांखाली गेलं त्यांना हे पटवणं वाळूच्या गणितापेक्षा अवघड आहे.

जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघून जा. झिजणाऱ्या किनाऱ्यावर वाळूखालचे जुने चिखलाचे थर अधूनमधून उघडे पडतात आणि त्यावर माणसांचे, हरणांचे, रानबैलांचे पाय उमटलेले दिसतात. त्यातले काही 8,000 वर्षांहून जुने आहेत. चिखल निसरडा असतो आणि ठसे नाजूक, म्हणून शेजारच्या वाळूवर उभं राहूनच बघा. एकदा उघडे पडले की भरती त्यांना फार दिवस ठेवत नाही.