नवे सामान टाकले, तरी इंजिन पाणी का ओढत नाही?



मांजरा, तेरणा, मन्याड आणि गोदावरीच्या काठी उसाला पाणी आज बहुतेक विजेच्या मोटारीनेच दिले जाते. पण ऐन पाळीला लाईट गेली की आठवण होते ती विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाची. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी १९४६ साली निघाली, आणि तिची ५ हॉर्सपॉवरची इंजिने आपल्या भागात घरच्या बैलाइतकी ओळखीची झाली. असे इंजिन खोलून लायनर, पिस्टन, रिंगा नव्या टाकतात, आणि तक्रार येते, "सगळं सामान नवं हाय, तरी पहिल्यासारखं ओढत नाही." मग मिस्त्री पुन्हा हेड उतरवतो. हा दुसरा खर्च करण्याआधी टाइमिंग पाहावे.

टाइमिंग म्हणजे काय?

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. व्हॉल्व्ह आणि डिझेलचा पंप, दोन्ही कॅमच्या हुकमात. किर्लोस्कर ए.व्ही.१ इंजिनात पिस्टन वर पोचण्याच्या २३ अंश आधी पंप डिझेल ढकलू लागतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वेगात हा वेळ सेकंदाचा सुमारे चारशेवा भाग होतो. क्रँकच्या गिअरला २५ दाते असतील, तर एक दात चुकला की १४ अंशांहून जास्त फरक पडतो. इंजिन मग कसे ओढणार?

गिअरचा दात चुकतो तो खुणा न जुळवल्याने. पंपाचे टाइमिंग मात्र बहुधा साध्या गोष्टीने बिघडते. पंपाखालच्या पातळ पत्र्या, म्हणजे शिमा, खोलताना हरवतात किंवा कमीजास्त बसतात.

लक्षणे ओळखा

डिझेल लवकर पडले तर इंजिन कडक ठोका देते आणि हँडल उलटे झटका मारते. मनगट मोडायला तेवढे पुरे; म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरावे. डिझेल उशिरा पडले तर सुरू होताना पांढरा धूर, लोडवर काळा धूर, सायलेन्सर फार तापणे आणि ताकद कमी. मात्र लाइनमध्ये हवा, खराब नोझल किंवा तुंबलेला एअर क्लीनर यांनीही असेच होते. ते आधी पाहून घ्या.

तपासण्याची रीत

१. डिझेल बंद करून टॅपेटचे झाकण काढा आणि चाक चालीच्या दिशेने हाताने फिरवा. पिस्टन दोनदा वर येतो. इनटेक व्हॉल्व्ह मिटल्यानंतर येतो तो कॉम्प्रेशनचा. तेव्हा दोन्ही पुशरॉड सैल लागतात. इंजिन थंड असताना टॅपेटचा गॅप इथेच पुस्तकाप्रमाणे ठेवावा.

२. आणखी एक पूर्ण फेरा द्या. आता पिस्टन वर असताना एक्झॉस्ट मिटत आलेला आणि इनटेक नुकता उघडू लागलेला दिसला पाहिजे. हा बदल चाकावरच्या खुणेपासून बराच अलीकडे-पलीकडे होत असेल, तर दात चुकला समजा. गिअरचे झाकण उघडण्याची वेळ तेवढ्यापुरतीच.

३. हे बरोबर असेल तर पंपाकडे या. नोझलची नळी पंपावरून काढा, डिझेल चालू करा, गव्हर्नरचा दांडा चालू स्थितीत ठेवा आणि हवा काढा. पंपाचे तोंड पुसून, कॉम्प्रेशनच्या बाजूने चाक सावकाश फिरवा. तोंडातले डिझेल जिथे प्रथम हलते, तिथे चाकावर खडूची खूण करा. तिथून वरच्या खुणेपर्यंत अंतर मोजा. चाकाचा घेर १८०० मि.मी. असेल, तर २३ अंशांचे ११५ मि.मी. येतात. अंतर कमी भरले तर डिझेल उशिरा पडते. एक शिम काढा. जास्त भरले तर एक घाला. दर वेळी एकच शिम बदलावी आणि पुन्हा मोजावे. दुसऱ्या बनावटीच्या इंजिनाचे अंश त्याच्या पुस्तकात पाहावेत.

खोलतानाच काळजी

मिस्त्रीला आधीच सांगा: गिअर काढण्याआधी जुन्या खुणा पुसून पाहा, नसल्या तर पंचने ठोका. पंपाच्या शिमा मोजून, तारेत ओवून घरी ठेवा. तेवढ्याने उन्हाळ्यातली एखादी पाळी वाचेल, आणि धडधाकट इंजिन भंगारात जाणार नाही.