वऱ्हाडातली देवळे आणि कबरी : दोन दिवसांची आखीव सहल

इजिप्तमधल्या लक्झरची सहल आखणाऱ्याचे निम्मे काम प्राचीन लोकांनीच करून ठेवले आहे. नाईलच्या पूर्व काठावर कर्णक आणि लक्झरची देवळे, तर पश्चिम काठावर, सूर्य मावळतो त्या बाजूला, कबरी आणि राजांची स्मारकमंदिरे. एक दिवस एका काठाला द्यायचा, दुसरा दिवस दुसऱ्या. राजांच्या खोऱ्यात साठाहून अधिक कबरी सापडल्या असल्या तरी साध्या तिकिटात तीनच पाहायला मिळतात. तूतनखामनची कबर पाहायची तर तिकीट वेगळे. दरवाजे सकाळी सहाला उघडतात आणि ऊन चढायच्या आत बहुतेक गट परतीला लागलेले असतात. गाइडला सरकारी परवाना लागतो. त्यामुळे आठ दिवसांत इजिप्त पाहून आलेली आपली मंडळी देवळांइतकेच त्या गाइडबद्दलही भरभरून बोलतात.

अमरावती आणि अकोल्याच्या माणसाला त्याच पद्धतीने दोन दिवसांत आपले वऱ्हाड पाहता येईल का? येईल, असे माझे ठाम मत आहे. बाराव्या-तेराव्या शतकातली काळ्या पाषाणाची देवळे, सुलतानांची राजधानी, दर्गे, छत्र्या, डोंगरी किल्ला हे सगळे दोन जिल्ह्यांत, चांगल्या रस्त्यांवर आहे. मात्र एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवली पाहिजे. इजिप्तमधले शेवटचे मोठे जुने देवस्थान, फिलाईचे इसिस मंदिर, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने बंद झाले. तेव्हापासून तिथे कोणी नवस बोललेले नाही. आपल्याकडे बार्शीटाकळीच्या कालिकादेवीची ओटी आजही भरली जाते आणि अचलपूरच्या दर्ग्यावर आजही चादर चढते. म्हणून वऱ्हाडातली सहल तिकीट खिडकीच्या वेळेवर ठरत नाही. पूजा, आरती, गुरुवार, शुक्रवारची नमाज, नवरात्र, उरूस यांचे वेळापत्रक आधी हाती घ्यायचे आणि मग गाडी सांगायची.

गट बारा-पंधरा जणांचा असावा. एक टेम्पो ट्रॅव्हलर पुरते, आणि गाभाऱ्याच्या दाराशी इतक्याच माणसांना नीट काही ऐकू येते. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि काळा दगड अनवाणी पायांना भाजून काढतो. देऊळ असो की दर्गा, चपला बाहेरच राहणार, म्हणून थंडीतही जाड मोजे आणि डोक्यावर घ्यायला एखादा रुमाल बरोबर असावा. एक चांगली टॉर्चही हवी. तिचे कारण बार्शीटाकळीत कळते.

पहिल्या दिवशी अकोल्याहून पहाटे निघून वीसेक किलोमीटरवरची बार्शीटाकळी गाठावी. इथल्या कालिकादेवीच्या देवळातल्या शिलालेखात शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ हे साल आहे. आपण या देवळाला सहज हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. पण महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री असलेला हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. हे देऊळ त्याच्या कारभाराआधी जवळपास शंभर वर्षे उभे होते. भिल्लमाने देवगिरीचे स्वतंत्र राज्य उभारले तेही या सालानंतर. गाइडने गटाला सांगायची पहिली गोष्ट हीच. चुन्याशिवाय दगडावर दगड रचण्याची ही रीत एका मंत्र्याच्या डोक्यातून निघालेली नाही. दख्खनच्या पाथरवटांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घडवली आणि नाव मात्र पुढे हेमाडपंताचे लागले.

बांधणी समजावून सांगताना खांबापासून सुरुवात करावी. तळाशी चौकोनी, वर अष्टकोनी, मग गोल, आणि माथ्यावर तुळई पेलणारा हस्त. छताचे सगळे वजन या खांबांवरून सरळ जमिनीत उतरते. दगड नुसत्या भाराने आणि खाचांनी एकमेकांना धरून असतात. म्हणूनच एखादा खांब हलला किंवा पाया खचला तर शेजारचे दगडही सुटू लागतात. मूर्तिकाम पाहायचे तर सकाळचे तिरपे ऊन सर्वांत चांगले. सावलीतल्या भिंतीवर टॉर्च समोरून न मारता बाजूने धरली की झिजलेले दागिने आणि चेहरेसुद्धा उठून दिसतात. अक्षरे वाचण्यासाठी खडू फासणे किंवा पाणी ओतणे कटाक्षाने टाळावे. गावोगावच्या जुन्या देवळांना भक्तिभावाने ऑइलपेंट फासलेला दिसतो तेव्हा वाईट वाटते. त्या रंगाखाली पाथरवटाच्या छिन्नीच्या बारीक खुणा कायमच्या बुजतात.

इथेच थोडे थांबून कर्णकची आठवण काढणे योग्य होईल. इजिप्तच्या देवळात आधी उघडे अंगण लागते, मग खांबांचा मंडप (कर्णकच्या मोठ्या मंडपात १३४ खांब आहेत) आणि शेवटी लहानसा अंधारा गाभारा. आत जावे तसे छत खाली येते, जमीन किंचित वर चढते, उजेड कमी होतो. वऱ्हाडी माणसाला ही वाट शिकवावी लागत नाही. उजेडातून अंधाराकडे, मोकळ्या जागेतून दाट जागेकडे जाऊन देवासमोर उभे राहणे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. फरक प्रवेशाचा आहे. तिथे सामान्य माणूस सहसा अंगणापलीकडे जात नसे, गाभाऱ्यात फक्त राजा आणि पुरोहित.

बार्शीटाकळीहून परत अकोल्यावरून बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर हा किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पुरे केले. भाजलेल्या विटांचे इतके नेटके काम वऱ्हाडात दुसरीकडे कुठे पाहायला मिळेल असे मला वाटत नाही. पण आपल्या सहलीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे ती नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पाहणाऱ्यातले निम्मे लोक ती जयसिंगांची समाधी समजतात. पुरंदरचा तह करणारे जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला वारले आणि त्यांची स्मारकछत्री तिथेच तापीकाठी आहे. बाळापूरची छत्री ही त्यांनी हयातीत उभारलेली, नदीकाठी बसण्याची मोकळी इमारत. कबर, समाधी, स्मारकछत्री आणि बैठकीची छत्री या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चारही ओळखायला शिकणे हा या सहलीचा एक उघड हेतू असावा. इतिहासप्रेमी गट असेल तर १७२० ची बाळापूरची लढाईही इथेच सांगून घ्यावी. निजामाने आलमअलीखानाचा पराभव केला आणि दख्खनचे पुढचे दोन शतकांचे राजकारण तिथून वळले.

दुपारी दर्यापूर तालुक्यातले लासूर. आनंदेश्वराचे हे देऊळ उंच जागी आहे. त्याच्या सभामंडपाचा मधला भाग वरून मोकळा ठेवलेला आहे, खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपासारखा. खांबांचे कडे, त्यावर दगडी तुळया आणि मधोमध आभाळ. सूर्य वर असतानाच उजेडाचा गोल मंडपाच्या फरशीवर नीट पडतो. वेळापत्रकात लासूर दुपारीच ठेवायचे ते यासाठी. इजिप्तमध्ये अबू सिंबेलला लोक २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर गाठतात, कारण त्या पहाटे सूर्यकिरण गाभाऱ्यातल्या मूर्तींपर्यंत पोहोचतो. लासूरला तारीख गाठावी लागत नाही. स्वच्छ आकाशाची कोणतीही दुपार चालते.

जेवणाची सोय दर्यापुरात किंवा आधी सांगून गावात करावी. गावकऱ्यांनी मनावर घेतले तर रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी अशी पंगत होते, आणि तशी पंगत कोणत्याही हॉटेलच्या थाळीपेक्षा चांगली. जेवताना गावाशी बोलणे होते. देवळाबद्दलच्या कथा पुस्तकात नसतात, त्या अशाच वेळी कानावर येतात. गाइडने त्या थांबवू नयेत. फक्त कथा कोणती आणि शिलालेख कोणता हे नंतर गटाला वेगळे करून सांगावे.

लासूरहून अंजनगाव सुर्जीवरून परतवाड्याला मुक्कामी जायचे. मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे याच बाजूने दर्यापूर, अंजनगाव करत धावत असे. आता ती बंद आहे, नाहीतर या सहलीला तिच्यासारखी गाडी मिळाली नसती. अंजनगावचे पानमळे खिडकीतून पाहता पाहता गाइडने १८०३ चे इंग्रज-मराठा युद्ध सांगायला घ्यावे. २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ तारखेला भोसल्यांचा देवगावचा तह आणि ३० तारखेला शिंद्यांचा तह, तो याच सुर्जी-अंजनगावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी गाविलगड, मग अचलपूर. उलटे करू नये. गडाचा परिसर मेळघाटच्या जंगलात आहे, वन खात्याचे नियम पाळावे लागतात आणि संध्याकाळी तिथे रेंगाळता येत नाही. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये बांधलेला हा गड. त्याच्या दरवाजांपाशी हवा तेवढा वेळ द्यावा, बाकी तट-बुरूज कमी पाहिले तरी चालतील. दरवाजावर गंडभेरुंड कोरला आहे. दोन तोंडांचा हा पक्षी हत्तींना धरून आहे. सुलतानाच्या किल्ल्यावर हे चिन्ह कसे? फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा मुळात विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला मुलगा. लढाईत पकडला गेला, वऱ्हाडात मुसलमान म्हणून वाढला आणि पुढे वऱ्हाडचा सुभेदार झाला, असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. गंडभेरुंड हे विजयनगरच्या परिसरातले राजचिन्ह. जन्मभूमीची ती ओळख त्याने वऱ्हाडच्या डोंगरावर आणली, असे अभ्यासक मानतात, आणि मलाही दुसरे पटणारे कारण दिसत नाही. संपूर्ण सहलीत एकच दगड निवडायचा झाला तर मी हा निवडीन.

इमादशाहीची राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने हे राज्य बुडवले, तोवर चौऱ्याऐंशी वर्षे अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा यांच्या बरोबरीची राजधानी आपल्या जिल्ह्यात होती. शाळेच्या पुस्तकात तिला एखादी ओळ मिळते, याची मला खंत आहे. दुपारी आधी दुल्हा रहमानशहांच्या दर्ग्यावर जावे. लग्नाच्या पोशाखातच लढायला निघालेला नवरदेव आणि एलिचपूरचा राजा ईल यांच्या युद्धाची लोककथा इथे सगळे सांगतात. गुरुवारी गर्दी असते आणि उरुसात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी भक्तांची वाट अडवून स्थापत्य समजावत बसू नये. आत जाण्यापूर्वी मुजावरांची परवानगी घ्यावी आणि फोटोबद्दल विचारावे.

घुमटाची रचना मात्र इथे सांगितलीच पाहिजे. खालची खोली चौकोनी, वरचा घुमट गोल. चौकोनाचे चारही कोपरे लहान कमानींनी कापून आधी अष्टकोन करतात आणि त्या अष्टकोनावर घुमट बसतो. ज्या गटाने देवळाचा खांब चौकोनातून अष्टकोनात आणि अष्टकोनातून गोलात जाताना आदल्या दिवशी पाहिला आहे, त्याला हे लगेच उमगते. कबर उत्तर-दक्षिण असते आणि मृताचे तोंड मक्केकडे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला. अनेक मोठ्या मकबऱ्यांत वर दिसते ते नुसते चिन्ह, खरी कबर खाली तळघरात. इजिप्तचे राजे आपली कबर डोंगरात लपवून दार बुजवून टाकत. इथल्या संताच्या कबरीचे दार रोज उघडते.

संध्याकाळच्या उन्हासाठी हौज कटोरा राखून ठेवावा. शहराबाहेर गोल हौदाच्या मधोमध उभी असलेली ही अष्टकोनी, मजल्यामजल्यांची इमारत कबरही नाही आणि देऊळही नाही. सुलतानी काळातला तो जलमहाल. कमानींतून आरपार वारा यावा आणि खालच्या पाण्याने तो थंड व्हावा, अशी रचना. उन्हाळ्याचे वऱ्हाड ज्याने अनुभवले आहे त्याला याची गरज वेगळी समजावून द्यायला नको. तिथून अमरावती पन्नासेक किलोमीटर.

नरनाळा या यादीत नाही, म्हणून अकोटकर रागावतील. १४८७ चा महाकाली दरवाजा वऱ्हाडातले सर्वांत देखणे दगडी काम आहे, हे मला मान्य आहे. पण शहानूरवरून वर जाऊन तो गड नीट पाहायला पूर्ण दिवस लागतो आणि या दोन दिवसांत त्याची नुसती हजेरी लागेल. लोणारचे दैत्यसूदन आणि सिंदखेडराजाची लखुजी जाधवांची भव्य समाधी यांची बुलडाण्याची सहल वेगळी करावी.

गाइड मिळणार कुठून, हा खरा प्रश्न. आपल्याकडे परवाना घेऊन दारात उभे असलेले गाइड नाहीत. महाविद्यालयातले इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठात संशोधन करणारे विद्यार्थी, गावातला एखादा जाणता शिक्षक यांना महिनाभर आधी विचारावे. त्यांना या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ ठाऊक असतोच, गटातल्या दोघा-तिघांनीही तो चाळून यावे. मानधन ठरवून, सन्मानाने आणि आधी द्यावे. नारळ-शालीवर दोन दिवस राबवून घेणे बरे नाही. प्रत्येक ठिकाणच्या स्थानिक माणसालाही, मग तो पुजारी असो की मुजावर, त्याचा वेळ घेतल्याबद्दल काही देणे गटाच्या खर्चात धरावे.

आणि ज्यांना इजिप्तच्या जोडीचे प्राचीन काही हवे आहे, कारण बारावे शतक त्यांना अलीकडचे वाटते, त्यांनी तिसरा दिवस काढून नागपूरकडे जावे. काटोल रस्त्यावर जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत, सुमारे तीनशे. मोठ्या दगडांचे कडे आणि त्याच्या आत मृताला दिलेल्या वस्तू. जवळच्या माहुरझरीत घोडेही पुरलेले सापडले, तांब्याच्या अलंकारांसह. मेलेल्याला पुढच्या प्रवासासाठी सामान द्यायचे, हा विचार नाईलकाठी होता तसाच विदर्भातही होता. ही वर्तुळे एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने पहिल्यांदा उकरली आणि इथल्या काही वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. त्या काळातली वस्ती पाहायची तर अमरावती जिल्ह्यातच चांदूरबाजार तालुक्यातले फुबगाव आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८-१९ मध्ये तिथे उत्खनन करून लोहयुगातली घरे उजेडात आणली. जुनापाणीला कोणताही फलक पुरेसा पडत नाही. पुरातत्त्वाचा विद्यार्थी सोबत असेल तरच त्या दगडांतून काही दिसते, तेव्हा आधी माणूस ठरवावा आणि तारीख त्याच्या सोयीने घ्यावी.