दोर धरायला कोण शिकवणार?

पावसाळा सरून कातळ वाळला की सह्याद्रीत प्रस्तरारोहणाचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाचा चटका वाढेपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. या महिन्यांतल्या रविवारी महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांचे अनेक कार्यकर्ते पदरमोड करून एक काम करत असतात: शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना कड्याखाली नेऊन चढाई शिकवण्याचं. या कामाचं कौतुक होतं ते बहुधा ‘मुलांची भीती जाते, अंगात धाडस येतं’ अशा शब्दांत. त्यात कामाचा गाभाच निसटतो असं मला वाटतं. भीती तर पैसे मोजूनही घालवता येते. पावसाळ्यात धबधब्यावरून रॅपलिंग करवणाऱ्या सहलींत मुलाला हार्नेस चढवतात, कड्याच्या टोकाला उभं करतात, खाली सोडतात, फोटो काढतात आणि पुढच्याला हाक मारतात. मूल खूश होऊन घरी जातं, हे खरंच. पण तेवढ्या वेळात त्याने एकही निर्णय घेतलेला नसतो आणि कुणाची जबाबदारीही उचललेली नसते. स्वयंसेवकाला याहून मोठी गोष्ट देता येते. तो मुलाला दोराच्या दुसऱ्या टोकाला उभं करू शकतो.

हे दुसरं टोक म्हणजे बिले. चढणाऱ्याच्या हार्नेसला ‘फिगर ऑफ एट’ गाठीने बांधलेला दोर वर पक्क्या केलेल्या आधारातून, म्हणजे अँकरमधून, फिरून खाली येतो आणि खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या बिले उपकरणातून जातो. चढणारा वर सरकला की जोडीदाराने सैल झालेला दोर ओढून घ्यायचा आणि हे करताना ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही सोडायचा नाही. वरचा घसरला तर याच हाताने दोर खाली दाबून त्याला अडवायचं असतं. चढाईआधी दोघांनी एकमेकांना तपासायचं: बकल घट्ट आहे ना, गाठीतले पदर एकमेकांवर न चढता शेजारी बसलेत ना, गाठीबाहेरचं टोक पुरेसं लांब आहे ना, कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू फिरवून बंद केलाय ना. नवख्या मुलाकडे बिले देताना जाणता स्वयंसेवक त्याच्या शेजारी उभा राहून दोराची मागची बाजू स्वतःच्या हातात ठेवतो. मुलाचा हात चुकला तरी वरचा पडत नाही, पण मुलाच्या हातातलं काम खरं असतं आणि ते खरं आहे हे त्याला कळतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर दुसऱ्याच्या जिवाचा भरवसा टाकला जातो, असं आपल्या शालेय आयुष्यात आणखी कुठे घडतं? ज्या वयात मुलांना सतत सूचना मिळतात आणि विश्वास क्वचित मिळतो, त्या वयात या अनुभवाचं मोल फार आहे.

याला पुरावा काय, असं कुणी विचारेल आणि विचारायलाच हवं. शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साहसी शिक्षणाबद्दलचे ९६ अभ्यास एकत्र करून तपासले होते. आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा, नेतृत्व, इतरांशी जुळवून घेणं अशा बाबतींत त्यांना मध्यम स्वरूपाची सुधारणा दिसली. विशेष म्हणजे कार्यक्रम संपल्यावर ती ओसरली नाही, उलट पुढे थोडी वाढली. पण त्याच अभ्यासाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या: उपक्रमाउपक्रमांत मोठी तफावत होती आणि जास्त दिवस चाललेले उपक्रम अधिक परिणामकारक होते. हे अभ्यास सह्याद्रीतले नाहीत आणि त्यांत प्रौढ सहभागीही होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलून इथे चिकटवता येणार नाहीत. तरी रोख स्पष्ट आहे. नुसतं डोंगरात नेल्याने काही होत नाही, मुलाला तिथे काय करायला लावलं आणि किती काळ लावलं यावर सगळं ठरतं. एका दिवसाच्या सहलीला वेळ विकत घेता येत नाही. तोच मुलगा, तोच मार्गदर्शक, पुन्हा पुढचा रविवार, हे जमतं ते स्वयंसेवकालाच.

सह्याद्रीचा कातळही या सावकाश शिक्षणाची मागणी करतो. लाव्हाच्या थरांवर थर साचून हा बेसॉल्ट तयार झाला. टणक थरांच्या मध्ये ठिसूळ, गेरूच्या रंगाचे पट्टे येतात, वर गवत माजतं, खाली घसारा. एखादी पकड भक्कम दिसते आणि हातात निघून येते. म्हणून भार टाकण्याआधी ती तळव्याने थापटायची, पोकळ आवाज आला तर सोडायची, तीन आधार पक्के ठेवून चौथा हलवायचा. कड्याच्या पोटात आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, आणि मार्ग त्याच्या जवळून जात असेल तर सरळ माघार. चढाई न करता परत फिरणं हाही धडाच आहे आणि पैसे भरून आलेल्या गटाला तो देणं आयोजकाला अवघड जातं. स्वयंसेवकावर तो दबाव कमी असतो.

सगळ्यात गंभीर आक्षेप अर्थातच जिवाच्या धोक्याचा. तो ‘धोका कुठे नसतो’ म्हणून उडवून लावणं बेजबाबदारपणाचं होईल. जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत यांच्यासारखा मुरलेला गिर्यारोहक हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर प्राणाला मुकला. अनुभव म्हणजे कवच नव्हे, हे डोंगरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण मुलांना पहिली चढाई शिकवली जाते ती छोट्या कातळावर, वरून दोर लावून, जिथे घसरलं तरी मूल फार खाली येत नाही. दुसरीकडे, दर पावसाळ्यात येणाऱ्या बातम्यांमध्ये निसरड्या कड्याच्या टोकावर गेलेली, वाट चुकलेली, ओढ्याच्या पाण्याचा अंदाज न आलेली मुलं पुन्हा पुन्हा दिसतात. तरुण पोरं डोंगरात जाणारच आहेत. शिकून जातात की न शिकता, एवढाच प्रश्न आहे. म्हणूनच ‘फुकट शिकवतोय, थोडं चालवून घ्या’ ही सबब कुठल्याही संस्थेला मिळू नये. राज्य सरकारने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी शासन निर्णय काढला, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. कागदपत्रांचा त्रास होतो ही कार्यकर्त्यांची तक्रार मला समजते, तरी दोराचं वय नोंदवणं, प्रत्येक डोक्यावर हेल्मेट असणं, प्रथमोपचार येणारा माणूस सोबत असणं, शिकवणाऱ्याने उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेत रीतसर प्रशिक्षण घेतलेलं असणं, यांत सवलत नको. पालकांनी हे सगळं खुशाल विचारावं. चांगल्या स्वयंसेवकाला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे शहरी, खात्यापित्या घरांचं खूळ आहे. आज बऱ्याच अंशी ते खरं आहे, पण ते बदलता येतं. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. कुवत कुठे आहे हे त्यातून दिसलं, मात्र निवडक मुलांना सर्वोच्च शिखरावर नेणं आणि गडपायथ्याच्या वाडीतल्या प्रत्येक मुलाला दोर धरता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. डोंगरात अपघात झाला की सर्वांत आधी धावतात ती पायथ्याची माणसं. त्यांच्या मुलांना गाठी, अँकर आणि जखमीला हलवण्याचं तंत्र आलं तर उपयोग साऱ्यांना होईल आणि पुढे वाटाड्या म्हणून त्यांचं मानधनही वाढेल. साहित्य महाग आहे, पण ते संस्थेच्या मालकीचं असलं की मुलाला पायात धड बूट असले तरी पुरतं. मुलींच्या बाबतीत अडचण वेगळी असते. सोबत बाई स्वयंसेवक नसेल तर कित्येक घरांतून नकार येतो, आणि तो नकार चुकीचा ठरवण्याआधी संस्थांनी आपल्याकडे बायका किती आहेत ते पाहावं.

डोंगरावर आधीच गर्दी झालीय, त्यात आणखी भर कशाला, हेही विचारलं जातं. त्यासाठी गट लहान ठेवावेत, शिकारी पक्ष्यांनी घरटी केलेले कडे त्या काळात सोडून द्यावेत आणि लेण्यांच्या वा तटबंदीच्या दगडाला मेख लावू नये. इतकं पाळलं तर शिकलेला मुलगा हुल्लड करणाऱ्या गटात जाण्याची शक्यता कमीच होते.

या कामात सगळ्यांनाच उत्तम चढता यायला हवं असं नाही. दोर धुऊन सावलीत वाळवणारा, पालकांशी बोलणारा, हिशेब ठेवणारा, पहाटेच्या एसटीला सगळी मुलं चढली का ते मोजणारा, असे हातही लागतात. संस्थांना कमतरता भासते ती सलग येणाऱ्यांची. हंगामातले सहा रविवार ठरवून देणारा साधा चढणारा मुलांच्या जास्त उपयोगाचा आहे, एकदाच येऊन अवघड सुळका चढून दाखवणाऱ्या निष्णातापेक्षा, आणि नवा माणूस विचारायला आला की संस्थेने त्याला आधी त्याचे रविवार विचारावेत, चढाईची यादी मागाहून.