उमराहचे बुकिंग रद्द झाले, तर पैशांचे काय?

उमराहचा पैसा आपल्या घरांत एका दिवसात जमत नाही. कुणी पगारातून दरमहा बाजूला काढतं, कुणाच्या अम्मीने बांगड्या मोडलेल्या असतात. सफर रद्द झाली, तर हा पैसा परत मिळणार का, हे पहिला हप्ता भरण्याआधीच विचारायला हवं.

रद्द होणं काही नवीन नाही. २७ फेब्रुवारी २०२० रोजी सौदी सरकारने कोरोनामुळे परदेशी यात्रेकरूंचा उमराह अचानक थांबवला. २०२५ च्या हजमध्ये भारतातल्या खासगी कंपन्यांच्या ५२ हजारांहून अधिक जागा धोक्यात आल्या. सौदीतले करार मुदतीत झाले नव्हते. शेवटी फक्त १० हजार जागा पुन्हा खुल्या झाल्या. यात यात्रेकरूंची काही चूक नव्हती.

"ओळखीचे आहेत, कागद कशाला?"

आपल्याकडे पैसे बहुधा ओळखीवर दिले जातात. एजंट मोहल्ल्यातला, जमातीतला असतो. पावती मागायला संकोच वाटतो. पण सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायलाच सांगते. लिहून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

पैसे देण्याआधी

१. रद्द झाल्यास किती रक्कम कापणार, उरलेली किती दिवसांत देणार, हे लेखी घ्या. तीन प्रसंग वेगळे लिहून घ्या: आपण रद्द केलं, व्हिसा नाकारला, कंपनीने रद्द केलं.

२. पैसे कंपनीच्या बँक खात्यातच भरा, एजंटच्या खासगी खात्यात नको. जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा.

३. सगळी रक्कम एकदम देऊ नका. व्हिसा, तिकीट, हॉटेल जसं पक्कं होईल, तसे हप्ते ठरवा. तिकिटाचा पीएनआर मिळाला की विमान कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः तपासा.

४. खासगी हजसाठी कंपनीचं नाव अल्पसंख्याक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या यादीत आहे का, ते पाहा. हजच्या यादीतलं नाव म्हणजे उमराहची हमी नव्हे.

५. प्रवास विमा घेणार असाल, तर कोणत्या कारणाने सफर रद्द झाल्यास पैसे मिळतात, ते वाचा. व्हिसा नाकारणं किंवा एजंट पळून जाणं त्यात असेलच, असं धरून चालू नका.

रद्द झाल्यावर

तोंडी तगाद्यात महिने घालवू नका. व्हॉट्सअॅप आणि ईमेलवर रक्कम व तारीख लिहून परतावा मागा. कार्डाने पैसे भरले असतील, तर बँकेकडे लगेच तक्रार करा. 'तिकीट नॉन-रिफंडेबल आहे' असं सांगितलं, तरी न वापरलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागता येतात.

उत्तर मिळालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. बनावट तिकीट किंवा व्हिसा दिला असेल, तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या. ऑनलाइन फसवणूक असेल, तर आधी १९३० वर फोन करा.

बदनामी होईल म्हणून पुष्कळ घरं गप्प बसतात, आणि तोच एजंट पुढच्या मोसमात दुसऱ्या मोहल्ल्यात पैसे गोळा करतो. म्हणून पावत्या एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल घरातल्या अजून एकाला दाखवून ठेवा.